मनुक्यांना पाजणाऱ्या रिबकामावशी

भिंगारला आमच्या गल्लीत रमची बाटली दिवसाढवळ्या, पिशवीत न लपवता, उघड हातात धरून आणणारी एकच व्यक्ती होती. दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारी व्यक्तीही तीच. रिबकामावशी.

"माणसानं पिऊ नये, मनुक्यानं प्यावी," असं त्या म्हणायच्या. हे वाक्य त्यांनी एकदा चर्चमधल्या महिला मंडळातही ऐकवलं होतं म्हणतात. नंतर बराच वेळ कुणाला प्रार्थना सुचेना.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. पाटबंधारे खात्यात कारकून, वय सव्वीस, लग्न व्हायचं. मावशींचे यजमान सायमन लष्करी मेसमध्ये खानसामा होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. "छातीच्या दुखण्यानं गेलं," एवढं सांगून मावशी विषय बदलायच्या. घरात एकट्याच. सोबतीला दोन चिनी मातीच्या बरण्या.

गणपती उठले की बरण्या उन्हात पडायच्या. मग मनुके, बेदाणे, साखरेत मुरवून वाळवलेल्या संत्र्याच्या साली असं सगळं बरणीत जायचं आणि वरून रम. तोंडाला पांढरं फडकं. तिथून नाताळच्या केकपर्यंत रोज सकाळी लाकडी चमच्यानं खालीवर करायचं. याचं सोवळं माझ्या आईच्या लोणच्याहून कडक. ओला हात चालायचा नाही, रडकं तोंड चालायचं नाही आणि तापलेलं डोकं तर उंबऱ्याच्या आतसुद्धा चालायचं नाही.

"आज कसे आहेत?" मी भिंतीपलीकडून विचारायचो.

"बेदानं तर्र झाल्यात. मनुक्यांना अजून चढली न्हाई. दमानं पितात बिचारं."

गंमत म्हणजे त्या बरणीतला एक दाणा मावशींनी आयुष्यात चाखला नव्हता. दारूला त्या आधीही शिवत नसत; यजमान गेले त्या दिवशी तर बायबलवर हात ठेवून त्यांनी थेंबभरही तोंडात न घेण्याची शपथ घेतली होती, आणि दाण्यात थेंब असतोच. भिंगारमधला सगळ्यात चांगला केक भाजणारी ही बाई स्वतःचा केक खात नसे. चव बघायची ती माझ्या तोंडावर. मला समोर बसवून तुकडा द्यायच्या आणि चष्मा पुसून माझा चेहरा न्याहाळायच्या. "लगीच गिळू नगंस. तोंड बघू दे." एकदा माझी दाढ दुखत होती, तर अख्खा केक बिघडला म्हणून दिवसभर हळहळत बसल्या.

दरवर्षीची बाटली सायमनचा एक जुना मेसवाला दोस्त मेसच्या फाटकावर मावशींच्या हातात द्यायचा. ते दुष्काळाचं साल उजाडलं आणि त्याची पलटण हलली. आता बाटली हवी तर सरकारी परवाना हवा. मावशी कचेरीत गेल्या. अर्जात लिहायचं होतं, की प्रकृतीच्या रक्षणासाठी मला दारूची गरज आहे.

"माझी परकुरती ठनठनीत हाय," मावशी साहेबाला म्हणाल्या. "मनुक्यांच्या नावानं द्या."

मनुक्यांच्या नावानं परवाना देण्याची तरतूद सरकारकडे नव्हती. खोटी सही करायची नाही म्हणून मावशी हात हलवत परत आल्या आणि बरण्यांकडे बघत बसल्या. तीन दिवस त्यांनी चूलही नीट पेटवली नाही. मला ते बघवेना. मी गेलो आणि माझी प्रकृती दारूवाचून ढासळत असल्याचं लिहून दिलं. मावशींना सत्याची चाड होती; मी पाटबंधारे खात्यात होतो.

बाटली आली. मनुके महागले होते म्हणून मावशींनी काष्टीच्या बाजारातून सुकी बोरं मागवून भरीला घातली. आणि दिवाळी उलटताच माझं नशीब उघडलं. नेवाशाकडची एक मुलगी सांगून आली. मी तिला पाहून आलो होतो आणि मनातून पार विरघळलो होतो. आता तिचे वडील सोपानराव माझं घरदार बघायला येणार होते.

ते आले ते थेट परवान्याच्या कचेरीतल्या ओळखीच्या शिपायाला भेटूनच. चहाला हात लावला नाही.

"पाव्हणं, तुमाला म्हनं दारूचा परवाना हाय."

मी त, त, प, प करायला लागलो. काय सांगणार? ती दारू मनुके पितात म्हणून? सोपानराव टोपी सारखी करून उठले. एवढ्यात दारात मावशी उभ्या. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. कमरेवर बरणी.

"बसा दादा. बाटली ह्याच्या नावावर हाय, पन पेलीया हिनं," असं म्हणत त्यांनी बरणी पुढ्यात ठेवून फडकं सोडलं. वासानं सोपानरावांचं डोकं मागे गेलं.

"आवो बाई, हितं मानसाला प्यायला पानी न्हाई, आन तुमी मनुक्यांला दारू पाजताय?"

"व्हय. एका मानसाला पाजायची न्हवती म्हनून."

मग त्या बोलल्या. आम्हा शेजाऱ्यांपासून इतकी वर्षं लपवलेलं त्यांनी त्या परक्या माणसाला उभ्या उभ्या सांगितलं. "माझं मालक छातीच्या दुखन्यानं न्हाई गेलं. दारूनं गेलं. मेसमधून बाटली आनायचं आन रातभर भाईर बसायचं. एक दिस मी बाटली हिसकली आन केकच्या मनुक्यांवर वतली. म्हनलं, प्यायची न्हाई, खायाची. तर गडी संध्याकाळी घरी यिऊन बसाया लागला. चूल पेटली, की एकेक मनुका खात माझ्याशी बोलत बसायचा. दोन वरीस घरी बसला. मग पुन्हा सुटला, ते सुटलाच. दादा, पिनारा मानूस मी त्याच्या चालीवरनं वळखते. ह्या पोरात काय बी न्हाई."

सोपानराव शेतकरी माणूस, बाजारात बैलाचे दात मोजून घेणारे. त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं. "मनुकं खाऊन बी चढत आसंल. तुमी खाता का?"

"न्हाई."

"मग लोकाच्या पोरीनं का म्हनून खायाचं?"

शपथ मला ठाऊक होती. "मावशी, नको. राहू द्या लग्न," मी म्हणालो, आणि खरंच म्हणालो. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून पुटपुटत काहीतरी म्हटलं, देवाची परवानगी घेतली असावी. चमच्यानं एक टपोरा मनुका काढला आणि तोंडात टाकला.

माझ्या तोंडावर केकची चव बघणाऱ्या त्या बाईचं तोंड आज आम्ही दोघं बघत होतो. आधी भुवया वर गेल्या. मग नाक आक्रसलं. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यांना असा ठसका लागला, की सोपानरावांनी स्वतः माठाकडे धाव घेतली.

"लई झालं," ते पाणी देत म्हणाले. "म्हातारीनं पोरासाठी इख खाल्लं, आता मी काय इचारू? सुपारी कवा फोडायची बोला."

आणि मघाचा गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

त्यांना एस.टी.ला बसवून मी धावत परत आलो. मावशींचे पाय धरायचे होते, शपथ मोडायला लावली म्हणून माफी मागायची होती. त्या बरणी मांडीत घेऊन तशाच बसल्या होत्या.

"दत्तू, हे आसंच लागतं का रं? दर साली?"

"असंच लागतं, मावशी. केकमध्ये गेलं की गोड होतं. नुसतं खायला जरा कडक."

"कडक? खोकल्याचं आवशीद बरं!" त्यांनी पुन्हा एकदा तोंड वाकडं केलं. मग चुलीजवळच्या यजमानांच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिल्या. "आन मी इतकी वरसं समजत हुते, त्यो मनुक्यांसाठी घरी बसतोय."

मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि नव्या नवरीसारख्या लाजून हसल्या.

"आसलं खायाला कोन घरी बसंल रं?"