भिवा मेस्त्रींची वारा खाणारी चकती

रस्त्याच्या कडेला कुणाचीही मोटार येऊन थांबली की भिवा मेस्त्री तिच्या चाकापाशी उकिडवे बसत आणि उलटा हात चाकाजवळ धरत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आपण लावतो तसा. मग मालक जवळ असो नसो, निदान जाहीर करत, "डाव्याक ताप असा. उजवा बरा असा."

एकदा हा प्रयोग त्यांनी पोलिसांच्या जीपवर केला. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या काळाचौकीतून मोर्चा निघायचा होता, बंदोबस्त कडक. जीपच्या चाकाशी हात नेणारा माणूस पाहून हवालदाराने त्यांची मानगूट धरली. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "मान मगे धरा. आधी ब्रेक बघा, चिकाटलो असा." ब्रेक खरंच चिकटलेला निघाला. आम्ही घसे फोडून घोषणा देतोय आणि आमच्याच चाळीतला हा गृहस्थ पोलिसांच्या जीपखाली आडवा! दोन दिवस चाळीत कुणी त्यांच्याशी बोललं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी शाळामास्तर, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांची बायको-पोर गावी कोकणात, खोलीत मेस्त्री एकटेच. मेस्त्री परळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करत. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा साचा लाकडात करून वाळूत त्याचा ठसा घ्यावा लागतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा थोडा मोठा हवा, आणि त्यासाठी मेस्त्रींची फूटपट्टीच मुळात थोडी मोठी होती. त्याच पट्टीने मोजून त्यांनी माझ्या कोनाड्यासाठी फळी करून दिली. ती आत शिरेना. मी कुरकुरलो, तर म्हणतात कसे, "थंड झाली की बसतली."

त्यांचं खरं वेड मात्र वाऱ्याचं. "वारो खंयसून येता नि खंय जाता, ता आधी सांगा," हा त्यांचा कुठल्याही गोष्टीवरचा पहिला प्रश्न. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी पाळण्यात डोकावून बाळ पाहिलंच नाही. पाळणा खिडकीपासून किती हात दूर आहे तेवढं पाहिलं आणि सगळ्या बायकांना उठवून तो सरकवून घेतला. बाळ झोपलं, हे कबूल करायला हवं.

या वेडाला खतपाणी घातलं गिरगावच्या मानकर वकिलांनी. जुनं, वाडीचे मालक असलेलं घराणं, आणि वकिलांना शर्यतीच्या मोटारींचा नाद. त्यांच्या दोन माणसांच्या विलायती गाडीला पुढच्या चाकांत ब्रेकसाठी लोखंडी चकत्या होत्या. वेगात दोनचारदा ब्रेक दाबला की त्या तापून निळ्या पडत आणि मग ब्रेक लागेनासा होई. मेस्त्रींनी निदान केलं, "चकती भरीव असा. वारो जातलो खंयसून?"

त्यावरचा उपाय त्यांनी माझ्या ताटात समजावला. माझ्या बायकोने वाढलेल्या दोन भाकऱ्या घेतल्या, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा काढून मधोमध तिरप्या मांडल्या आणि वरची भाकरी दाबली. अशी पोकळ चकती फिरली की आसाजवळून वारा आत ओढला जातो, तिरप्या पट्ट्यांमधून पळतो आणि कडेने बाहेर फेकला जातो. चकती स्वतःच पंखा. पट्ट्यांचा कल फिरण्याच्या उलट हवा, एवढंच. मला ते पटलं. त्या भाकऱ्या मात्र कुणी खाल्ल्या नाहीत.

साचा करण्यात त्यांचे कितीतरी महिने गेले. चकत्या ओतल्या, लेथवर कातल्या, गॅरेजवाल्याने त्या गाडीला बसवल्या. मेस्त्री आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग हरताळाचा दिवस उजाडला. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो. मेस्त्री बाहेर निघाले आणि उंबऱ्यातच थांबले. गडबडीत त्यांनी डाव्या पायात उजवी चप्पल घातली होती. ते पायाकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले,

"मास्तरांनू, दोनय चाकांक डावीच चप्पल घातलंय मी!"

जन्मभर त्यांनी गिरण्यांच्या यंत्रांचे भाग केले होते. एक साचा, त्यातून शंभर नग, हा त्यांचा अभिमान. त्याच सवयीने त्यांनी दोन्ही चकत्या एकाच साच्यातून ओतल्या होत्या. पण मोटारीचं डावं चाक बाहेरून पाहिलं तर एकीकडे फिरतं आणि उजवं दुसरीकडे. म्हणजे उजव्या चकतीतल्या पट्ट्या उलट्या पडल्या होत्या आणि तिला पुरता वारा मिळणार नव्हता. त्यात कोर्ट बंद म्हणून वकील त्याच दिवशी आपल्या मुलीला खंडाळ्याला नेणार होते. येताना घाट उतरायचा होता.

आम्ही काळाचौकी ते गिरगाव चालत, खरं तर धावत गेलो. पोहोचलो तेव्हा वकील गाडी सुरू करत होते. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, नवा फ्रॉक, मांडीवर खाऊचा डबा. मेस्त्री गाडीपुढे फतकल मारून बसले.

"वरळीला चालवून पाहिली मी. झकास थांबते," वकील म्हणाले.

"वरळीक खंय घाट असा?" मेस्त्री म्हणाले. मग सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझो साचो चुकलो. चेडवाक घेवन घाट उतरूचो नाय."

साचा चुकला हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकले नव्हते. वकिलांनी गाडी बंद केली. मुलगी रडू लागली. "तुम्ही दुष्ट आहात," ती मेस्त्रींना म्हणाली. ते मान खाली घालून उभे राहिले.

परतताना भायखळ्याला ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. "झालं ना सगळं ठीक?" मी म्हटलं.

"माझाय चेडू येवढाच असा," ते म्हणाले. "गेल्या गणपतीक येतंय म्हणान कळवलेलंय. नवो झगो घालून दोन दिस बंदरार बोटीची वाट बघीत बसला. नि मी हय चकती करत होतंय."

इतकी वर्षं शेजारी राहून मला त्यांच्या मुलीचं वयसुद्धा ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

महिन्याभरात उलट्या कलाची चकती तयार झाली. "मेस्त्री गाडीत बसले तरच मी घाट उतरणार," वकील म्हणाले. तिघं दाटीवाटीने खंडाळ्याला गेले. पुढचं मला वकिलांनी सांगितलं. घाटात मुलगी मेस्त्रींच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. गाडी हवी तिथे थांबत होती, पण मेस्त्री चाकांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दंड हलू नये म्हणून नुसते ताठ बसले होते. पनवेलला कोकणचा रस्ता फुटतो तिथे म्हणाले, "माका हयच उतरवा." अंगावर कामाचे कपडे, हातात पिशवीसुद्धा नाही. मिळेल त्या एस्टीत बसून निघून गेले.

आठ दिवसांनी परतले. मी गॅलरीतच गाठलं. "भेटली का पोरगी?"

"वळखूक नाय माका," मेस्त्री हसले. "धावत घरात गेला नि आयेक सांगल्यान, कोणतरी पावणो इलो."

"मग?"

"मगे काय? पावण्यासारखो ओट्यार बसलंय. दोनय हातांनी तांब्यो धरून पाणी हाडल्यान. मी म्हटलंय, बाय, मी तुझो बापूस." "तर म्हणता, 'माका ठावक असा. आयेन सांगल्यान. पयला पाणी पिया.'"