मंडळींची भिंत

आमच्या शेजारच्या दिगंबरभाऊंना प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारायची खोड आहे. पक्कड असो, हातोडी असो, ती भिंतीवर धरायची, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, आत काळा रंग भरायचा आणि वर खिळा ठोकायचा. वस्तू काढली की मागं तिची सावली उरते. म्हणजे काय हरवलं ते भिंतच सांगते. कंपनीत टूलरूमला असंच असतं म्हणे. असेल बाई. पण कंपनीत मांजर नसतं.

त्यांच्याकडे एक भुरं मांजर यायचं, रोज शेडच्या उंबऱ्याशी एकाच जागी झोपायचं. भाऊंनी एके दिवशी त्या झोपलेल्या मांजराभोवती पिवळ्या ऑइलपेंटनं रेघ ओढली. वास आला म्हणा, अपमान झाला म्हणा, त्या दिवसापासून मांजर माझ्या पायरीवर झोपतं. भाऊ काही रेघ पुसत नाहीत. "येईल. जागा ठरलेली असली की येतंच," म्हणतात.

मी एकदा त्यांना खुरपं उसनं दिलं, तर परत येताना दांड्यावर नंबर टाकून आलं. मी म्हटलं, अहो, सासूबाईंचं आहे ते. तर म्हणाले, "असू द्या आक्का, आता हरवायचं नाही." आता तुम्हीच सांगा, आमच्या चऱ्होलीत शेतंच्या शेतं सोसायट्यांखाली गेली, तिथं माझ्या खुरप्याला नंबर टाकून काय व्हायचंय?

भाऊ मूळचे लातूरकडचे. आकुर्डीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं काढली, आणि राहिले ते एका खोलीत पाच जणांत. एकाची शिफ्ट सुरू झाली की त्याच्या गादीवर दुसरा आडवा. भिंतीवर प्रत्येकाच्या वाट्याला एकच खिळा. शर्ट, पिशवी, छत्री, सगळं त्या एका खिळ्यावर. रिटायर झाल्यावर आमच्या शेजारी दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि घराला पडदे लागायच्या आत परसात शेड बांधायला घेतली.

सकाळी सातला डबा घेऊन निघायचे. घरापासून शेड वीस पावलं. डबा स्वतःच केलेला, स्वतःच खायचा. साडेतीनला हातपाय धुऊन घरी. एकदा दुपारी दोनला मी चहाला हाक मारली, तर आतून उत्तर आलं, सुटायला अजून वेळ आहे.

चाकणला कंपन्यांत मशिनं येतात ना, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या होत्या. लाकूड चांगलं, वासाला गोड. पण फळ्या बसल्या उलटसुलट, त्यामुळं 'ही बाजू वर' म्हणून छापलेले बाण कुठं खाली, कुठं आडवे, एक तर थेट माझ्या मोरीकडे. वर करडा पत्रा. आत मात्र काय नेटकेपणा! "डोळे मिटून हात गेला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. खिळे, स्क्रू, दोऱ्या, सगळं तसंच.

मी आपली स्पष्ट बोलणारी. म्हटलं, "भाऊ, सोय झक्कास आहे. पण दिसायला पोलीसचौकी झालीय."

मला वाटलं हसतील. तर चेहराच उतरला. "बाईमाणसाला आवडायची नाही म्हणता?"

कुठलं बाईमाणूस? मग मला त्यांनी आतली भिंत दाखवली. तिच्यावर नुसत्या सावल्या. विळा, खुरपं, सूप, चाळण, रवी, परडी. वस्तू एकही नाही. खाली बसायला बुटकं बाकडं, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल असं सगळं उजव्या अंगाला.

"आमच्या मंडळींची भिंत," म्हणाले, आणि उगीच फडक्यानं बाकडं पुसत बसले.

मंडळी, म्हणजे त्यांच्या बायको सुमनबाई, गावी. लग्न झालं तेव्हा इकडं खोली नव्हती. मग सासू अंथरुणाला खिळली, मग जनावरं, मग मुलीचं शिक्षण, लग्न. भाऊ दिवाळीला चार दिवस, आखाडात दोन दिवस. असा सगळा संसार. आता सासू नाही, मुलगी सासरी. भाऊ दर रविवारी फोनवर म्हणायचे, ये. आणि त्या म्हणायच्या, "घर तुमचंय. तिथं माझं काय हाय?"

त्याचं उत्तर म्हणून माणसानं शेड बांधली होती. जागा ठरली की येईल, असा हिशेब. मला हसूही येईना आणि रडूही.

मग मी पदर खोचला. आधी रंग. मी म्हटलं, त्यांनाच विचारा कुठला आवडतो. भाऊंनी फोन लावला. पलीकडून विचारलं गेलं, कशाचा रंग, आणि तब्येत बरी आहे ना. यांनी घाईनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लग्नाचा फोटो घेऊन माझ्या दारात. "आक्का, ही साडी हाय ना, ह्याच रंगाची शेड करू." फोटो ब्लॅक अँड व्हाइट! मी चष्मा लावून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. करड्या साडीत एक करडी मुलगी. शेवटी ठोकून दिलं, रामा हिरवा असणार.

तर शेड रामा हिरवी झाली. खिडकीला निळी चौकट, दारावर गोकर्णीचा वेल, पत्र्याखाली माझ्या जुन्या लुगड्याची झालर. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. एकीनं विचारलंसुद्धा, देऊळ कुणाचं आहे हो?

आणि सुमनबाई आल्या. चार दिवसांसाठी, म्हैस जावेच्या हवाली करून. भाऊंनीच सांगितलं होतं म्हणून पोत्यात आपलं सामान घालून आणलं होतं. मी भाकरतुकडा ओवाळायला गेले. बाई उंच, काटक, डोळ्यांत मिस्कील. शेडकडे बघून म्हणाल्या, "ह्यो रंग कुणी सुचवला?" मी लगेच ताम्हणात लक्ष घातलं. साडी डाळिंबी होती म्हणे.

भाऊंनी एकेक वस्तू तिच्या सावलीवर टांगली. बऱ्याच बसल्यादेखील. मग बायकोला बाकड्यावर बसवलं, आणि परीक्षेला बसल्यासारखा आवाज करून म्हणाले, "आता डोळे मीट. विळा घे."

बाईंनी हसून डोळे मिटले आणि हात टाकला. डावा. तो गेला कोऱ्या फळीवर. तिथं थोडा चाचपडला आणि थांबला.

"तू डावरी हैस?" भाऊंनी विचारलं. इतक्या हळू की मला वाटलं मी तिथून निघावं.

बाईंनी डोळे उघडले. "जेवायला, वाढायला उजवा. मायनं मारून लावलेला. बाकी समदं डाव्यानं. तुमी सणाला आलाव, पानावर बसलाव, मी वाढलं. काम करताना कधी बगितलाव मला?"

रागानं नव्हतं बोलणं. हवापाण्याचं बोलावं तसं. म्हणून जास्त लागलं.

भाऊंनी एकेक वस्तू उतरवून जमिनीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीवर पांढरा हात मारला. सावल्या गेल्या. मला वाटलं, आता डाव्या अंगाला नव्या रेघा येतील. पण पेन्सिल काही निघाली नाही. बाई परसात वाफा करत होत्या, विळ्यानं मेथीच्या जुड्या कापत होत्या, धान्य पाखडत होत्या, आणि हा माणूस बादली पालथी घालून समोर बसलेला. बाई म्हणायच्या, काय बघायलाव, जावा की कामाला. हे हलायचे नाहीत.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. म्हैस व्यायची होती. रिकामं पोतं तेवढं घडी घालून काखेत, सामान इथंच. जाताना म्हणाल्या, भिंत रंगवायची घाई करू नका, मी आल्यावर बगू.

परवा मी शेडमध्ये गेले, तर सूप दाराशी कलंडलेलं, चाळण बाकड्यावर, विळा मेथीच्या वाळल्या काड्यांत पडलेला. जिथं त्यांनी टाकलं तिथंच सगळं. या माणसाच्या शेडमध्ये असा पसारा! मी सवयीनं सूप उचलायला वाकले.

"राहू द्या आक्का," भाऊ बादलीवरनं म्हणाले. "अजून बघून झालं नाही."