देवाजीभाऊला ओ द्या

देवाजीभाऊंना ओ मिळाल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही मी, खरंच हलत नाहीत. आमच्या सावली गावात रोज पहाटे ते शेतावरून पळत येतात, गल्लीच्या तोंडाशी थांबतात, दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि "होऽऽऽ" अशी हाळी देतात. मग मान तिरकी करून उभे. कोणीतरी "ओऽ" म्हणेपर्यंत उभेच. मागून दुधवाला येवो, मोटरसायकलवाला हॉर्न मारो, देवाजीभाऊ म्हणजे रोवलेला खांब.

गल्लीला आता सवय झाली आहे. कोणी तोंडात ब्रश धरून ओ देतं, कोणी संडासातून देतं. आमचे हे पांघरुणातून, डोळे न उघडता देतात. "द्या बाप्पा कोणीतरी, बुढा अडकला!" असं एखादी सून ओरडते आणि चार घरांतून एकदम ओ येते. मग देवाजीभाऊ मान सरळ करतात, "हाव, चाललो" म्हणतात आणि उरलेली गल्ली पळत संपवतात.

एकदा मी विचारलं, "भाऊ, ही काय खोड?"

"खोड नाई बाई, शिस्त हाये," ते म्हणाले. "जंगलात हाक मारली अन् ओ नाई आली, म्हणजे माणूस एक त वाघानं नेला, नाई त रुसला. कोणतं झालं ते पायल्याबिगर पुढं कसा जाऊ?"

ही शिस्त मला ठाऊक नव्हती असं नाही. मला ती फार चांगल्या प्रकारे शिकवण्यात आली होती. मी नागपूरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा स्वतःला फार समजायची. पायात टाचेच्या चपला आणि डोक्यात मॅट्रिकचा निकाल. त्या उन्हाळ्यात सासूबाई मला पहाटे मोहफुलं वेचायला घेऊन गेल्या. तिथे प्रत्येकजण आपापल्या झाडाखाली, कोणी कोणाला दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकजण हाळी देणार आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. सगळ्यांनी दिली. मी नाही दिली. मी म्हटलं, शिकलेली मुलगी अशी गुराख्यासारखी ओरडते होय? मी आपली एका झाडामागे बसून टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, खात राहिले.

अर्ध्या तासात अख्खं गाव काठ्या, डबे वाजवत मला शोधत होतं. सासूबाईंनी रडायला सुरुवात केली होती, सासऱ्यांनी माझ्या वडिलांना काय सांगायचं त्याची तयारी. शेवटी मला शोधलं देवाजीभाऊंच्या बायकोने, कौसाबाईने. तीही त्याच वर्षीची नवरी, पण आवाज असा, की तिची ओ नदीपलीकडे ऐकू जायची म्हणत. माझ्या हातातली टेंभरं पाहून ती म्हणाली, "काऊन वो, तोंड हाये का मडकं? खाले उघडते, ओ द्याले नाई उघडत?"

मी रागाने लाल झाले. तेव्हापासून आमची मैत्री.

आता सांगायची गोष्ट अशी, की देवाजीभाऊ आणि कौसाबाई यांनी जन्मात एकमेकांचं नाव घेतलं नाही. आमच्या पिढीत घेतच नसत. त्यांचं सगळं 'हो' आणि 'ओ'वर चालायचं. बांधावरून हे "होऽऽ" म्हणणार, घरातून ती "ओऽ" म्हणणार, आणि तेवढ्यात भाकरी झाली की नाही, बैल पाणी प्याले की नाही, राग गेला की नाही, सगळं समजायचं.

मागच्या वर्षी कौसाबाईला लकवा मारला. वेळेवर गाडी मिळाली नाही, तेव्हा धानाच्या ट्रॅक्टरमध्ये तणसावर गादी टाकून तिला नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न केला तर बोलतीलही. कौसाबाईने प्रयत्न केला नाही. ती ओट्यावर खुर्चीत बसते आणि रस्त्याकडे पाहते.

देवाजीभाऊ पळायला लागले ते तेव्हापासून. शेत लांब, बैलांचं पाहायलाच हवं, आणि बायकोला फार वेळ एकटं ठेववत नाही. "चालत गेलो त येळ लागते न बाई," इतका साधा हिशेब. धोतर खोचलेलं, पायात रबरी चपला, खांद्यावर दुपट्टा.

अशा माणसाला गावातल्या पोरांनी हाफ मॅरेथॉनमध्ये ओढलं यात नवल नाही. ही शर्यत होती तालुक्याला एक ॲम्बुलन्स घ्यावी म्हणून. एकवीस किलोमीटर. भातखाचरांच्या मधून, जंगलाच्या तुकड्यातून जाऊन परत गावात. देवाजीभाऊंनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, "गाडी खरंच येईन न?" येईल म्हटल्यावर नाव दिलं. मला म्हणाले, "दुसऱ्याच्या बाईले ट्रॅक्टरवर न्या लागू नये, बस."

मी या शर्यतीत मोठ्या हुद्द्यावर होते. सगळ्यांच्या मागून जो टेम्पो जातो, दमलेल्यांना उचलतो, त्यात ग्लुकोजचं पाणी आणि केळी सांभाळायला मला बसवलं होतं. टेम्पो आमच्या इरफानचा. एरवी तो त्यात फर्निचर नेतो. त्याला सूचना होती, की कोणी फारच मागे पडलं तर सरळ गाडीत घ्यायचं, कारण रस्ता जास्त वेळ बंद ठेवता येत नाही.

मागे कोण पडणार हे मला आधीच माहीत होतं.

देवाजीभाऊंना दम नव्हता असं नाही. सरळ रस्त्यावर ते नागपूर-चंद्रपूरच्या रंगीत बुटवाल्यांना मागे टाकत होते. पण वळण आलं की थांबायचे, हात तोंडाशी, "होऽऽऽ". आणि बुटवाल्यांच्या कानात बुचं! गाणी ऐकत निघून जायचे सगळे. एकजण थांबला, तो म्हणाला, "अंकल, आर यू ओके?" देवाजीभाऊंनी त्याला दुपट्ट्याने हाकललं, "ओके नोको देऊ, ओ दे!"

जंगलाच्या तुकड्यापर्यंत सगळे पुढे गेले होते. समोर देवाजीभाऊ, मागे आम्ही.

"काकू, हा बुढा काऊन थांबून राह्यला?" इरफान वैतागला. "साहेब लोक फोन करून राह्यले मले."

"तू ओ दे, तो पळेल."

"मी देऊ? मी ड्रायव्हर हाये."

"मीही मॅट्रिक पास होते," मी म्हटलं आणि टेम्पोतून डोकं बाहेर काढून अशी ओ दिली की झाडावरची माकडं हलली. देवाजीभाऊ निघाले. पुढच्या वळणाला इरफानने हॉर्न दिला. देवाजीभाऊंनी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. हॉर्न चालणार नव्हता. मग इरफाननेही ओ दिली, आधी लाजत, नंतर चांगली मोकळ्या गळ्याने. असं करत करत आम्ही त्यांना वळणावळणाने पुढे ढकलत आणलं.

अर्थात वेळ गेलाच. गावाजवळ आलो तेव्हा इरफानचा फोन पुन्हा वाजला. त्याने काच खाली केली. "बावाजी, बसा आता गाडीत. टाइम संपून राह्यला. मैदानावरचं शेवटचं गेटच काढून टाकतीन ते."

देवाजीभाऊ पळता पळताच म्हणाले, "गाडीत बसून गाडी येत नाई रे पोट्ट्या."

शेवटचा टप्पा आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातो. गल्ली रिकामी होती. सगळे शाळेच्या मैदानावर, बक्षीस समारंभ आणि पोह्यांसाठी. कौसाबाई ओट्यावर खुर्चीत, आणि तिच्याजवळ बसलेली माझी सून नेमकी चहा ठेवायला आत गेलेली.

देवाजीभाऊ थांबले. हात तोंडाशी नेले. "होऽऽऽ."

इरफान फोनवर साहेबांना "आले, आले" म्हणून समजावत होता. मी ओ देणार होते, पण मी नुकतंच एक केळं अख्खं तोंडात घातलं होतं. उरलेली केळी परत कशाला न्यायची, म्हणून. मी घाईघाईने चावायला लागले. ते काही लवकर गिळलं जाईना.

कोणीच ओ दिली नाही. देवाजीभाऊ मान तिरकी करून उभे. मी चावते आहे. इरफानने फोन कानापासून दूर केला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. खरखरीत, अर्धा. 'ओ'च्या अलीकडचं काहीतरी.

इरफानचं तोंड तसंच उघडं राहिलं.

देवाजीभाऊंनी कधी दुसऱ्यांदा हाळी दिल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी दिली. हळूच, जवळच्याला द्यावी तशी. "हो?"

कौसाबाईने डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरली होती. मान पुढे काढली, तोंड वाकडं झालं, आणि पुन्हा तोच आवाज आला. या वेळी जरा लांब.

"हाव," देवाजीभाऊ म्हणाले. "चाललो." दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि पळाले. मैदानावर गेटचे बांबू सोडत होते. दोन पोरांनी ते तसेच हातात उभे धरले, आणि त्यांच्यामधून देवाजीभाऊ गेले.

मी टेम्पोतच बसून होते. केळं केव्हा गिळलं कळलं नाही. वर्षभर ती रोज पहाटे ओट्यावर बसून दम गोळा करत असणार, आणि वर्षभर रोज आम्ही सगळे ब्रश तोंडात धरून, संडासातून, पांघरुणातून मधेच ओ देऊन मोकळे होत होतो. मी तर सगळ्यांत मोठ्याने. जिथे ओ द्यायची तिथे टेंभरं खात बसले, आणि जिथे गप्प बसायचं तिथे माकडं पळवली. या वेळी अक्कल शिकवली ती केळ्याने.

मेडल देवाजीभाऊंनी दाराच्या कडीला बांधलं आहे. वाजतं, म्हणून.

आणि गल्लीत मी सगळ्यांना ताकीद दिली आहे. आता पहाटे "होऽऽऽ" आली की कोणी तोंड उघडत नाही. नळ बंद होतात. ब्रश थांबतात. आमचे हे पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहतात. कधी कधी इतका वेळ लागतो, की मागचा दुधवाला सायकलवरून उतरून तोही मान तिरकी करतो.