सरकारी पत्रिकेवर हरकत

कागद म्हटलं की आमच्या जिल्ह्यात एकच नाव घ्यायचं, गौरीशंकर! म्हणजे मीच. तहसीलमध्ये बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण माझ्या हातून गेलेला एकही कागद त्रुटी काढून परत आला नाही. (एक आला होता. पण ती चूक साहेबांची होती.) निवृत्त झालो तरी हात शिवशिवतात हो! म्हणून जमिनीच्या फेरफाराला हरकत घ्यायचा एक छापील नमुनाच मी तयार केला. गाळलेल्या जागा भरायच्या, खाली सही ठोकायची, काम फत्ते! ताईच्या सासरी, बेंबळीला, शंभर प्रती फुकट वाटल्या आणि पारावर बसून सगळ्यांना बजावलं, "कसलीही नोटीस निघू दे, आधी हरकत टाकायची! नाव रेकॉर्डला लागलं पाहिजे!"

तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मला फार बरं वाटलं होतं.

तर यंदा ताईच्या मुलीनं, हर्षालीनं, जाहीर केलं की लग्न रजिस्टर पद्धतीनं करणार. मांडव नाही, डीजे नाही, हजार-पंधराशे पानं उठवणं नाही. मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा, मल्हार. बँकेत नुकताच लागलेला आणि पहिलीच नेमणूक थेट आसामात! चोवीस फेब्रुवारीला लग्न, सव्वीसला दोघांची रेल्वे, एक तारखेला हजर व्हायचं. त्यानंतर वर्षभर रजेचं नाव काढायचं नाही.

मी तर आनंदानं उडालोच! एरवीच्या लग्नात मामाला काय काम असतं? नवरीला धरून आणायचं आणि मागं उभं राहून घाम पुसायचा. इथं मात्र अख्खं लग्नच मामाच्या हातात!

"मामा, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो आणि तीन साक्षीदार, एवढंच लागतं," हर्षाली म्हणाली.

"एवढंच? पोरी, सरकारी काम आहे! आणि पहिला साक्षीदार मी. लिहून ठेव!"

मी दाखले, आधार, रेशनकार्ड, मल्हारच्या वडिलांचा सातबारा, आठ अ, एवढंच काय, त्यांच्या म्हशीच्या विम्याचासुद्धा कागद गोळा केला. सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स! धाराशिवला विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या क्लार्कबाईंनी तो गठ्ठा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, यांना लग्न करायचंय. विहीर मंजूर करून घ्यायची नाही."

चार कागद ठेवून बाकी गठ्ठा त्यांनी परत दिला. पण नोटीस लागली! दोघांची नावं, वय, व्यवसाय, पत्ता आणि खाली, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत कळवावे. मी फळ्यावरच्या नोटिशीचा फोटो काढला, मोठा प्रिंट काढला, लॅमिनेशन केलं आणि संध्याकाळच्या एसटीनं बेंबळी गाठली.

"ही बघा, सरकारी पत्रिका!" म्हणत मी ओसरीवर खड्या आवाजात वाचन केलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईचे सासरे, म्हणजे हर्षालीचे आजोबा दगडोबातात्या, वय वर्षं ब्याऐंशी, सुपारी कातरत ऐकत होते.

"पाव्हणं, यात माजं नाव कुटं हाय?"

"तात्या, सरकारी कागदात एवढीच नावं असतात."

"खाली बारीक अक्षरात बी न्हाय?"

"नाही हो! तुम्ही चहा घ्या." मी हसून विषय संपवला. पुढच्या घरी वाचन करायचं होतं ना!

अठ्ठाविसाव्या दिवशी मी नवीन जाकिटाची ट्रायल घेत होतो, तेव्हा क्लार्कबाईंचा फोन आला.

"काका, तुमच्या भाचीच्या लग्नाला लेखी हरकत आलीय. मॅडमनी उद्या बोलावलंय."

माझ्या एका बाहीत हात होता, दुसरी तशीच लोंबत राहिली. कुणाची हरकत, हे विचारायच्या आतच मी फोन ठेवला, कारण मला माहीत होतं! मुरुमचा शंभुलिंग! दोन वर्षांपूर्वी हर्षालीला बघायला आला होता आणि तिनं नाही म्हटलं होतं. सूड! मी तिथल्या तिथं त्याला फोन लावला.

"शंभुलिंग, मर्द असशील तर समोर ये!"

"येतो की मामा. पण दोन्ही खांद्यांवर एकेक लेकरू हाय. जुळी झाली. पेढं पोचलं न्हाईत व्हय?"

मी अभिनंदन करून फोन ठेवला. तेवढ्यात मल्हारचा फोन. "मामा, हर्षालीचं तिकीट रद्द करू का?" "उद्यापर्यंत थांब," मी म्हणालो. आणि हर्षाली तर नुसती रडत होती.

दुसऱ्या दिवशी हर्षाली, मल्हार आणि मी अधिकारी मॅडमसमोर उभे राहिलो. मॅडमनी अर्ज पुढं सरकवला. नमुना ओळखीचा होता!

"मोठ्यानं वाचा," मॅडम म्हणाल्या. ओठ त्यांनी घट्ट दाबून धरले होते.

मी वाचलं, "हरकत घेतो की, नोटिशीत नमूद मिळकत, नामे हर्षाली, ही आमची वडिलोपार्जित असून तिच्यावर माझी चोवीस वर्षांपासून शांततापूर्ण वहिवाट आहे. चतुःसीमा, पूर्वेस गोठा, पश्चिमेस न्हाणी, दक्षिणेस माझी बाज, उत्तरेस तिची आई. सदर मिळकत मला न विचारता परस्पर मल्हार, राहणार वाशी, यांच्या नावे लावण्यात येत आहे. तरी माझे नाव लावल्याशिवाय नोंद मंजूर करू नये. दगडोबा, राहणार बेंबळी."

"खालची ओळ राहिली," मॅडम म्हणाल्या.

खालची ओळ मीच छापून घेतली होती. 'अर्ज नमुना तयार करणार, गौरीशंकर, निवृत्त कारकून.'

"हे कारण कायद्यात बसत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण लेखी हरकत म्हणजे चौकशी आलीच. निर्णयाला मला तीस दिवसांची मुदत असते. अर्जदार स्वतः आले तर आजच मिटेल."

आम्ही जीप करून बेंबळीला धावलो. तात्या बाजेवर बसले होते, पाठ करून.

"तात्या, हे काय केलंत? तुम्हाला मल्हार पसंत नाही का?" मी ओरडलोच.

"पोरगा लई गुणाचा हाय."

"मग हरकत कशाला?"

"तुमीच बोलला व्हता न्हवं, नोटीस निगाली की हरकत टाकायची? शेजारच्या पोराकडनं जागा भरून घेतल्या आन् दिली टपालात टाकून. ह्या घरातली समदी लग्नं झाली, परत्येक पत्रिकंवर पयलं नाव माजं. ही शेंडेफळ. हिला म्या खांद्यावर घिऊन साळंत न्हेली. आन् हिच्याच कागदावर न्हाय! म्या मेलो काय?"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पाठ फिरवली. मला माझीच लाज वाटली हो. त्या दिवशी एक मिनिट थांबलो असतो तर?

हर्षाली त्यांच्या पायाशी बसली. "तात्या, तुम्ही माझे साक्षीदार व्हा. सरकारी रजिस्टरात तुमची सही राहील. कायमची!"

"पयला?"

"पहिला!"

साक्षीदार तीनच. एक मल्हारचा काका, दुसरी हर्षालीची मैत्रीण दीपाली, आणि तिसरा... सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अंगात नवं जाकीट होतं. मी मान डोलावली.

चार वाजता तात्या मॅडमसमोर उभे होते.

"मुलीचं आधी लग्न झालंय?"

"न्हाय."

"मुलगा जवळच्या नात्यातला?"

"छ्या! वाशीचा हाय."

"मग हरकत?"

"मागं घेतली की! पर नाव लावा."

चोवीसला लग्न लागलं! हर्षालीनं आणि मल्हारनं मॅडमसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारलं, हार घातले, आणि मग तात्यांनी पेन हातात घेतलं. सही करायला त्यांना चार मिनिटं लागली. कुणीही घाई केली नाही. सही झाल्यावर त्यांनी रजिस्टरावर फुंकर मारली आणि असे हसले की मॅडमनीही डोळे टिपले. मी दारापाशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभा होतो आणि टाळ्या वाजवायला एकही हात मोकळा नव्हता.

निघताना मी क्लार्कबाईंना हळूच विचारलं, "बाई, माझं नाव कुठंच आलं नाही ना?"

"आलंय की काका! तो हरकत अर्ज फाइलला लावलाय. फाइल आता कायम राहणार."

म्हणजे भाचीच्या लग्नात मामाचं नाव रेकॉर्डला लागलं! लागलं ते हरकतीखाली. त्याच दिवशी बेंबळीला जाऊन मी घराघरातून उरलेले नमुने गोळा केले. एक्काहत्तर मिळाले. पाठकोरे आहेत, फुकट कसे घालवायचे? ही हकीकत त्यांवरच लिहिलीय. तेवढं पान उलटून बघू नका.