गाडी फाटकाबाहेर जाते

"रविवारी जेवणाच्या आत ही गाडी आपल्या चाकांनी फाटकाबाहेर गेली, तर राहील. नाही गेली, तर भंगारवाला येतोच आहे," आई म्हणाली आणि तिने शिवणाचा धागा दाताने कटकन तोडला. त्याच वेळी बाबांच्या काळजाचाही एखादा टाका उसवला असणार, पण ते गाडीखाली आडवे असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

बाबा शाळेत भूमिती शिकवत. गाडी त्यांच्या वडिलांची. लहानपणी मागच्या सीटवर बसून ते पाढे शिकले, मोठेपणी पुढच्या सीटवर बसून गाडी शिकले आणि आता गाडीखाली झोपून नम्रता शिकत होते. बाजू आईचीही खरी होती. गाडीने अडवून ठेवलेल्या शेडमध्ये तिला शिवणाचा वर्ग काढायचा होता. सोमवारी मुली येणार होत्या आणि त्यांची मशिनं स्वयंपाकघरात अशी दाटीवाटीने उभी होती, की फ्रीजचं दार अर्धंच उघडायचं. दूध काढायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे.

इंजिन ठणठणीत होतं. दुखणं होतं ते इंजिनापासून चाकांपर्यंतच्या वाटेत. बाबांनी गिअरबॉक्स खोलला, मग मागच्या दोन चाकांमधला तो ढेरपोट्या लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल, खोलला आणि आतून अशा काही वस्तू निघाल्या की त्यांचं बारसंच झालेलं नव्हतं. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. शेवटी नावं ठेवायचं काम धाकट्या लेकीने अंगावर घेतलं. दिवसभर प्रश्न विचारते म्हणून तिला घरात भुणभुण म्हणत. तिच्या कृपेने एका दातेरी तुकड्याचं नाव कवळी पडलं, एका कड्याचं बांगडी आणि एका गोल गरगरीत गठ्ठ्याचं शेजारच्या काकूंचा अंबाडा.

"बाबा, हे कशाचं?"

"आतलं."

"आतलं म्हणजे?"

"बाहेरचं नसलेलं. जरा गप्प बस."

बांगडी झिजली होती. बाबा ती घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती एक डोळा मिटून पाहिली, मग दुसरा मिटून पाहिली.

"कुठल्या गाडीची?"

बाबांनी सांगितलं.

"ती अजून आहे? मग गाडीच घेऊन या, बघून सांगतो."

"अहो, या बांगडीवाचून गाडी हलत नाही!"

"मग बांगडी बसवून आणा."

तिथून बाबा लेथवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "करून देतो. माप किती ठेवू?"

"हिच्याएवढंच."

"ही तर झिजलीय."

"मग झिजायच्या आधी होती तेवढं."

"ती किती होती?"

"तेच तर कळत नाही."

लेथवाल्याने मशीन बंद केलं. "मास्तर, पोरांना गणितं अशीच घालता काय हो?"

शेवटी बांगडी ज्यावर बसायची तो दांडाच बाबांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला, त्यावरून माप निघालं आणि नवी बांगडी मिळाली. बाबा शीळ घालत घरी आले आणि शेडच्या दारातच थिजले. जुन्या चादरीवर त्यांनी सगळे भाग निघाले त्या क्रमाने, निघाले तसेच मांडून ठेवले होते. कागदावर काही लिहिलं नव्हतं. प्रमेय पाठ असलेल्या माणसाला कागद कशाला लागतो? आता चादर नवी होती आणि भाग आरशासारखे लखलखत होते.

"किती ते तेल! बघवेना मला," आई हात पुसत म्हणाली. "रॉकेलमध्ये घासून काढले सगळे. घाबरू नका, क्रम नाही हलवला. जो जिथे होता तिथेच ठेवलाय."

बाबांनी क्रम तपासला. खरंच जिथल्या तिथे! त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आईला चहा करून दिला.

मग जुळणी सुरू झाली. बरेच भाग आधी हटून बसायचे. बाबा उलटसुलट करून पाहायचे, तेव्हा कुठे खट्ट करून बसायचे. अंबाडा मात्र, म्हणजे मोठं दातेरी चाक असलेला तो गठ्ठा, उचलला तसा पहिल्या झटक्यात बसला.

"बघ," बाबा भुणभुणला म्हणाले, "याला म्हणतात अचूक काम."

रविवारी जेवणाच्या जरा आधी भंगारवाल्याचा टेम्पो आला. माल चढवायला सोपं पडावं म्हणून त्याने तो पाठमोरा फाटकात घेतला. टपावरचा भोंगा "लोखंऽऽड, पत्राऽऽ, जुनं सामाऽऽन" असा गळा काढत होता. इंजिन बंद करून भंगारवाला खाली उतरला. भोंगा तसाच चालू राहिला.

"जरा थांबा," आई म्हणाली. "आधी यांचं काय ते होऊ दे."

"होऊ दे की वहिनी. मी दोर सोडून ठेवतो," भंगारवाला म्हणाला. त्याने गाडीकडे अशा प्रेमाने पाहिलं, की बाबांनी घाईघाईने दार लावून घेतलं.

गाडी सुरू झाली! भुणभुणने उडी मारली. बाबांनी पहिला गिअर टाकला, डोळे फाटकावर रोखले, क्लच सोडला आणि गाडी शांतपणे मागे गेली. रंगाचे रिकामे डबे धडाधड कोसळले.

"चुकून मागचा पडला वाटतं," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा पाहून, बोटाने चाचपून पहिला टाकला. गाडी पुन्हा मागे. दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली आणि भिंतीला धाडकन भिडली.

"तिसरा टाकू नका!" आई ओरडली. "भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे!"

भंगारवाल्याने दोराची गाठ मारून पाहिली.

बाबांनी इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मग एकदम ताठ झाले. "मोठं चाक छोट्या चाकाच्या या अंगाला हवं, ते त्या अंगाला बसलंय. म्हणून सगळं उलटं फिरतंय! पण असं होईलच कसं? मी तर चादरीवर होतं तसंच उचललं."

आई काहीच बोलली नाही. हे इतकं नवल होतं की बाबांनी मान वळवून पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "धुतलेलं भांडं आपण कसं ठेवतो?"

"कसं?"

"उपडंच ना. पाणी निथळायला."

"म्हणजे तू ते सगळं..."

"एकूण एक."

बाहेर भोंगा जुनं सामान मागत होता.

"तरीच ते हटून बसत होते," बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "हाच एक शहाण्यासारखा बसला."

"पण बाबा," भुणभुण म्हणाली, "पुढचे गिअर मागे नेतात, तर मागचा कुठे नेईल?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. शाळेत असं उत्तर आलं की ते खडू बक्षीस देत. आता खिशात खडू नव्हता, पण चेहरा तसाच झाला. त्यांनी इंजिन सुरू केलं, मागचा गिअर टाकला, आणि गाडी कण्हत, कुंथत, पण चक्क पुढे निघाली! शेड ओलांडलं, अंगण ओलांडलं, थेट फाटकाशी आली आणि टेम्पोच्या पाठीला नाक लावून उभी राहिली.

"टेम्पो काढा!" बाबा ओरडले.

"फाटकाबाहेर नाही गेली अजून," भंगारवाला म्हणाला, पण आईने नुसते डोळे वटारताच तो टेम्पोत चढला. त्याने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. भोंग्याचा आवाज "लोऽऽखंऽऽ" करत खोल खोल गेला आणि विझला.

"बॅटरी बसली," भंगारवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "या मेल्या भोंग्याने खाल्ली! मास्तर, मागून जरा रेटता का? गाडीनेच?"

"रेटतो की," बाबा म्हणाले. "पण मग ही फाटकाबाहेर येईल हं."

भंगारवाल्याने गाडीकडे पाहिलं. टेम्पोकडे पाहिलं. पुन्हा गाडीकडे पाहिलं. एवढं लोखंड हातचं जाताना पाहणं सोपं नसतं.

"रेटा," तो शेवटी म्हणाला.

भुणभुणने मध्ये जुना टायर अडकवला. गाडी कण्हली, टेम्पो हलला, दोघं मागेपुढे फाटकातून बाहेर पडले आणि उतारावर टेम्पोने खाकरून, धूर ओकून जीव धरला. भोंगाही जागा झाला. भंगारवाला दोर न्यायलाही थांबला नाही.

आई फाटकात आली. तिने आधी पुढची चाकं पाहिली, मग मागची. चारही बाहेर होती.

"अगं, पण तुझा वर्ग?" बाबांनी भीत भीत विचारलं.

"मुली बाहेरच्या खोलीत बसतील. तुम्ही हे परत खोला, नीट बसवा, मग बघू. चूक माझी आणि शिक्षा गाडीला, असं कुठे असतं?" असं म्हणून ती दार उघडून बाबांशेजारी बसलीसुद्धा. "चला, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारू."

"पुढे जायला एकच गिअर आहे. मुंगीच्या चालीने जाईल."

"मग? मला कुठे गाडी गाठायचीय?"

बाबांनी इतका लांब सुस्कारा सोडला, की तेवढी हवा चारही चाकांत मिळून नसेल. भुणभुण मागच्या सीटवर घुसली. गाडी कण्हत कण्हत निघाली.

"बाबा, कोपऱ्यावर वळायचं कसं?"

"वळायचं कशाला?" बाबा ऐटीत म्हणाले. "परत यायला चार गिअर आहेत."