मैनाबाईंचा साचा

देवराव भाऊ मेश्राम यांच्यावर यंदा तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अन्याय झाला. आमच्या ग्रामपंचायतीने केला. साहेब येणार म्हणून स्वच्छता मोहीम काढली आणि भाऊंच्या शेडमागचा साचा ट्रॅक्टरखाली घातला. मी पत्रकं लिहिणारा माणूस, मला गोड लिहिता येत नाही.

भाऊ फायबरचं काम करतात. दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावायचा, ही त्यांची खोड. पाण्याची टाकी, बसचा दरवाजा, टपरीवर बसलेल्याचं हेल्मेट, तेही डोक्यावर असतानाच. एकदा सरपंचांच्या हेल्मेटवर ठोकून म्हणाले, "आतमंदी हवा हाये." सरपंच अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधतात, तो भाऊंचा. वाघ पाठीमागून येतो; त्याला वाटावं, बाई बघून राहिली आहे. साच्याला आतून मेण चोळायचं, रंगाचा थर द्यायचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरून तिला रेझिन पाजायचं आणि रोलर फिरवत हवा काढायची. उन्हाळ्यात रेझिन डब्यातच दगड होतं, म्हणून उजाडताच काम सुरू. "भाऊ, उरका ना," मी एकदा म्हटलं.

"घाई करून राह्यला काऊन बे? बुडबुडा राह्यला तं तिचा गाल फुटते."

तिचा म्हणजे मैनाबाईंचा, त्यांच्या बायकोचा. साचा त्यांच्याच चेहऱ्यावर प्लास्टर लावून काढलेला. सुकेपर्यंत बोलायचं नाही म्हटल्यावर बाईंनी ओठ असे आवळले, की प्रत्येक मुखवटा आता शिवी देतो की काय असं वाटतं. "वाघ सोड, मीच भेतो," भाऊ म्हणायचे. सकाळी जंगलाच्या वाटेला मैनाबाईंची रांग लागायची आणि खऱ्या मैनाबाई दारातून ओरडायच्या, "माह्यं थोबाड नीट बांधा वो!"

त्या वारल्या. भाऊ मुखवटे काढत राहिले.

साचा बाहेरून फुटक्या घमेल्यासारखा दिसतो. चेहरा असतो आत. आत कोणी पाहिलंच नाही. "भंगार होतं," एवढंच पंचायतीचं उत्तर. मी भडकून भाऊंकडे गेलो. म्हटलं, जाहीर माफी मागायला लावू.

"माफीले काय करू?" भाऊ म्हणाले. "फोटो हाये तिचा भितीवर. फोटोले हात लावला तं काच लागते. साच्याले मेण लावताना गाल लागे, बाप्पा."

स्वतःकडे त्यांनी एकही मुखवटा ठेवला नव्हता. साचा होता ना! गावातल्या मुखवट्यांची नाकं झिजली आहेत, एकाला तर पोरांनी मिशा कोरल्या आहेत. पण धड मुखवटा मिळाला तर त्यावरून नवा साचा निघतो. गोंडपिपरीकडच्या गावांत बरेच गेले आहेत. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर ओठ आवळलेली एखादी बाई टांगलेली असेल, तर उतरवा. घासू नका, धुऊ नका. बल्लारपूर रस्त्यावर भाऊंच्या शेडमध्ये आणून त्यांच्या हातात द्या.