पाळण्यातला वरवंटा

रघुनाथ मास्तरांनी छत्तीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला होता. ज्याला पाढे येत नाहीत त्याला पाढे, ज्याच्या नाकाला शेंबूड त्याला रुमाल, आणि जो रडतो त्याला खडीसाखर! त्यामुळे नातू झाला तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून लेकीला सांगितलं, "रोहिणी, बाळाच्या झोपण्याची जबाबदारी माझी. चाळीस पोरांना दुपारच्या तासाला जागं ठेवलंय मी. एका पोराला झोपवणं ते काय अवघड?"

रोहिणी गोव्यातल्या साखळीच्या सासरहून बाळंतपणासाठी चोपड्याला माहेरी आली होती. आई जाऊन चार वर्षं झालेली, म्हणून घरात बाप-लेक दोघंच. बाळ जरा आधीच आलेलं, वजन सव्वादोन किलो. पेडण्याच्या गौरवी डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाळाची गादी सपाट आणि घट्ट हवी. वर ताणून बसवलेली एकच चादर. उशी नको, वाकळ नको, मऊ खेळणी नकोत. झोपवायचं पाठीवर. एवढ्याशा जिवाच्या नाकावर काही आलं, तर त्याला मान वळवता येत नाही."

मास्तरांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. गादीवर तळहात दाबून पाहिला, चादरीला सुरकुती पडते का ते चष्मा लावून तपासलं, आणि आतल्या खोलीत छोटी लाकडी खाट मांडली. खाटेत बाळ, बाळाखाली चादर. बाकी खाट परीक्षेआधीच्या फळ्यासारखी कोरी!

"बाबा," रोहिणी म्हणाली, "आकाआत्येचं मला भय वाटतं. त्या वाकळ आणणार. या खाटेत एक चिंधीसुद्धा जास्त दिसली ना, तर मी त्याच दिवशी बाळाला घेऊन साखळीला जाणार."

चार वर्षांनी घरात कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला होता. तो साखळीला गेला तर मागे राहणार घड्याळाची टिकटिक.

पण आकाला नको म्हणायचं कसं? आका म्हणजे त्यांची थोरली बहीण चंद्रभागा. सासर बांद्याचं, मुक्काम धारगळला, वय पंचाहत्तर. गेले चार महिने ती जाड भिंगाचा चष्मा लावून वाकळ शिवत होती.

मार्ग सापडला तो बारशाच्या संध्याकाळी. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्यात ठेवतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात, आणि मगच बाळाची पाळी येते. बायका घरी गेल्या, बाळ आत खाटेत गेलं, आणि ओसरीवरच्या पाळण्यात वरवंटा तसाच राहिला. मास्तर दिवा लावायला आले आणि पाळण्यापाशी पाऊल न वाजवता चालू लागले. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण दगड जागा होईल म्हणून घाबरतोय!

ते जागच्या जागी थबकले. या वरवंट्यानं त्यांना स्वतःला फसवलं, मग आकाच्या त्या चष्म्याची काय कथा?

वाकळीचे शेवटचे टाके राहिले म्हणून बारसं चुकवलेली आका दुसऱ्या दिवशी आली. काखेत वाकळ, पिशवीत मोहरीची उशी.

"रे रघुनाथा, खंय माझो नातू?"

"शू! आका, झोपलाय. लांबूनच बघ."

"ही बघ वाकळ. सात लुगड्यांची. सुयेन बोटां भोसकली, पण टाको सोडूक नाय!"

मास्तरांनी अलगद वरवंटा उचलला, खाली वाकळ पसरली, डोक्याखाली मोहरीची उशी दिली, आणि हात काढताना मोठ्या प्रेमानं 'अले अले' सुद्धा म्हटलं. आकाचा चेहरा पणतीसारखा उजळला. मास्तर चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन येतात तो आकाचं बोट कुंचीत शिरलेलं, आणि आका पाळण्याकडे नव्हे, भावाकडे बघत असलेली. तेवढ्यात आतल्या खोलीत बाळानं टाहो फोडला.

"रडता कोण?" आकानं हळूच विचारलं.

"मांजर," मास्तर म्हणाले आणि पाळण्याला झोका दिला. "उगी, उगी. मांजराला भ्यायचं नाही."

आकानं कुंचीतून बोट काढलं. "बरां... मांजर तर मांजर. गुणाचो आसा हो पोरगो. आवाजच नाय करत." मग तिनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात तिनं पन्नास वर्षांत फिरवला नव्हता. "तू जेवतंस मा रे वेळच्या वेळी? झोप लागता?"

"मस्त लागते!"

आका स्वयंपाकघरात जाऊन रोहिणीशी बराच वेळ कुजबुजत राहिली. मास्तर खूश. आकाची वाकळ पाळण्यात, बाळ खाटेत, लेक घरात. कुणाचंही मन न दुखवता तीन गणितं एका रीतीनं सोडवली! जाताना आकानं वाकळीचं एक टोक नीट केलं आणि वरवंट्याला म्हणाली, "येतंय हां बाळा." तिचा आवाज भरून आला होता. मास्तरांना वाटलं, काय ही माया!

मग रीघ लागली. शेजारची सत्यवती रेशमी दुलई घेऊन आली, पाळण्यात डोकावली, आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "मा-स्त-र, बा-ळ छा-न आ-हे!" जणू मास्तर ओढ्यापलीकडे उभे होते. तिच्यामागून आलेल्या दोघींनी तर बाळाचं नाकही मास्तरांसारखं आहे असं सांगितलं. मास्तरांनी नंतर आरशात नाक पाहिलं. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेरानं चार पावांऐवजी सहा दिले आणि पैसे घेईना. "राहू द्या मास्तर. तुम्ही फक्त विश्रांती घ्या." दुकानदार त्यांना रस्ता ओलांडून द्यायला आला. चोपड्यात दिवसाला गाड्या त्या किती!

'आजोबा झालं की मान वाढतो,' मास्तरांनी वहीत नोंद केली. पाळण्यात एव्हाना चार वाकळी, तीन उशा, एक दुलई आणि वर वरवंटा असा ढीग झाला होता. वरवंटा एखाद्या जमीनदारासारखा लोळत होता.

रोहिणीचंही वागणं बदललं होतं. कालपर्यंत "बाबा, हात धुतलेत का?" म्हणून करडी नजर. आज, "बाबा, बसा हं. मी आहे ना." आणि दुपारी खोलीतून तिचा फोनवरचा आवाज मास्तरांच्या कानी पडला.

"विनायक, आता मी इथे असंच बसू शकत नाही. पाळण्यातलं सगळं मी बघितलं. उद्या सकाळी गाडी घेऊन ये. हो, त्यांना काही सांगू नकोस. धक्का बसेल."

मास्तर दाराआडून मागे सरले. संपलं! ढीग दिसला तिला. आता ती जाणार, बाळ जाणार, आणि आपण वरवंट्याला जोजवत बसणार!

रात्रभर त्यांनी भाषण तयार केलं. मुद्दा पहिला: खाटेत चिंधीही नाही. मुद्दा दुसरा: पाळण्यात आहे तो दगड. पण सकाळी साखळीहून जावई विनायक येऊन उभा राहिला, मागून आका उतरली, आणि भाषण वहीतच राहिलं. त्यांनी मुकाट्यानं बाळाची पिशवी उचलली, गाडीत ठेवली आणि डोळे पुसले.

"पिशवी कशाला बाबा?" विनायक हळुवारपणे म्हणाला. "तुम्ही बसा."

"मी?"

"जरा फिरून येऊ. पेडण्यापर्यंत."

एका बाजूला आका, दुसऱ्या बाजूला सत्यवती, मध्ये मास्तर. रोहिणी बाळाला घेऊन दारात उभी राहिली आणि हात हलवू लागली. मास्तरांना काही उमजेना. जाणारी माणसं घरात, आणि राहणारा गाडीत!

गाडी थांबली ती गौरवी डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर. भिंतीवर हत्ती, ससे, आणि बाकावर तान्ह्या बाळांना घेतलेल्या आया. मधोमध मास्तर. त्यांचा नंबर सातवा.

"हा लहान मुलांचा दवाखाना आहे," मास्तर म्हणाले.

"पण तुम्ही ऐकता ते फक्त याच डॉक्टरांचं," विनायक म्हणाला.

नर्सनं सवयीनं वजनकाटा पुढे सरकवला आणि मग मागे घेतला. डॉक्टरांनी मास्तरांना समोर बसवलं. "मास्तर, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"सतराचा पाढा?"

मास्तरांनी तो एका दमात म्हटला, मग न विचारता एकोणिसाचाही म्हटला. बाहेरच्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि घरी पाळण्यात कोण झोपलंय?"

"वरवंटा," मास्तर म्हणाले.

आकानं कपाळाला हात लावला. "तुका ठावक आसा?"

"म्हणजे काय? मीच ठेवलाय!"

"मग 'अले अले' कोणाक करीत होतंस? मांजर खंयचा? मी पन्नास वर्सां वाटाप वाटलंय. वरवंटो माका वळखाक येत नाय? बोट लावला तेव्हाच कळला. आत पोर रडता, आणि भाऊ दगडाक झोके देता! मी घरोघर जावन सांगलंय, मास्तराक दुखवू नकात, तो म्हणता तसा म्हणा!"

आता कुठे मास्तरांना पोदेराचे दोन पाव उलगडले. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं: गादी, चादर, रोहिणीची धमकी, आकाची भोसकलेली बोटं. गौरवी डॉक्टर खुर्चीत मागे रेलून एवढ्या हसल्या की बाहेर दोन बाळं जागी झाली.

"आजी, खाटेचं मास्तरांनी अगदी बरोबर केलंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ मऊ काहीच नको. तुमची वाकळ वर्ष उलटल्यावर काढा."

"वर्सच मा? मग होवदे. लुगडी खंय पळान जातत?" आका भावाकडे वळली. "छत्तीस वर्सां पोरांक तोंडान शिकवलंस, आणि भैणीक एक वाक्य सांगूक जीभ खंय गेली तुझी?"

मास्तरांनी वही काढली आणि प्रश्न उतरवून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला, पाळणा रिकामा केला आणि ठरवलं, आता सरळ शिकवायचं. संध्याकाळी ओसरीवर चारपाच बायका आल्या. एकीच्या हातात पुन्हा दुलई! मास्तर उभे राहिले, घसा साफ केला. "बायांनो, तान्ह्या बाळाच्या अंथरुणाचं शास्त्र असं आहे—"

"हो हो मास्तर," त्या एका सुरात म्हणाल्या, "अगदी बरोबर. बसा हं तुम्ही."

आणि दुलईवाली थेट पाळण्याकडे निघाली. तेवढ्यात आका दारातून बाहेर आली आणि तिनं दोन्ही हात आडवे केले.

"पाळण्यात कायेक ठेवू नकात गे, आणि खाटेत तर नायच नाय! मऊ काय दिसला की मास्तराक तां पोर वाटता. परत दवाखान्यात न्हेवचो लागात!"

बायका चटकन मागे सरल्या. दुलईची घडी झाली, ती पिशवीत गेली. त्या दिवसापासून चोपड्यातल्या कुणीही त्या घरात उशी काय, रुमालसुद्धा ठेवला नाही.

मास्तरांनी आकाचं म्हणणं खोडायला तोंड उघडलं. आत कोऱ्या चादरीवर बाळ पाठीवर निवांत झोपलं होतं. रोहिणी दारातून बापाकडे बघत होती, ओठांवर बोट ठेवून.

मास्तरांनी तोंड मिटलं, आणि बायकांकडे बघून ते जरा भोळसटपणे हसले.